एसएनएच्या इतिवृत्ताची वही

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या माझ्या मामेबहिणीने मला फोनवर विचारले, "ताई, एसएनएच्या कामासाठी नाव देऊ का? अभ्यास मागे पडेल का?" मी तिला लगेच होकार दिला. त्यामागची कारणे मात्र तिच्याबरोबर इतरांनाही सविस्तर सांगावीत, म्हणून हे लिहीत आहे.

एसएनए म्हणजे स्टुडंट नर्सेस असोसिएशन. ही ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाची विद्यार्थी संघटना आहे. मातृसंस्था १९०८ सालची असून विद्यार्थ्यांची संघटना १९२९ मध्ये सुरू झाली. महाविद्यालयातील युनिटचे काम विद्यार्थी पाहतात आणि सल्लागार म्हणून एक शिक्षिका असतात. पुष्कळ ठिकाणी वर्गणी भरली जाते, १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो आणि वर्षाचे काम तेवढ्यावर संपते. आमचे युनिटही पहिली दोन वर्षे तसेच चालले होते.

तिसऱ्या वर्षी मी सचिव झाले आणि सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या सल्लागार मॅडम "चर्चा झाली" हे वाक्य लाल शाईने खोडत आणि समासात लिहीत, "काय ठरले? कोण करणार? कधीपर्यंत?" तेव्हा याचा मला त्रास वाटे. आज अधिपरिचारिका म्हणून रात्रपाळीनंतर हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीतील परिचारिकेकडे रुग्ण सोपवताना, "पेशंट ठीक आहे" एवढेच म्हणून माझी जीभ थांबत नाही. कोणते औषध द्यायचे राहिले, लघवी किती झाली, डॉक्टरांना किती वाजता कळवले, हे आपोआप सांगितले जाते. ही सवय मला त्या समासातील तीन प्रश्नांनी लावली.

दुसरा अनुभव एका अंगणवाडीतला. युनिटतर्फे आम्ही जुलाबावर आरोग्य शिक्षणाचा कार्यक्रम ठेवला होता. मी निर्जलीकरणाची लक्षणे पाठ करून गेले होते आणि तक्ताही सुबक झाला होता. बोलणे संपल्यावर मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "पुडी पेल्यात अर्धीच घालायची ना?" ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवायची असते आणि ते पाणी २४ तासांच्या आत संपवायचे असते, हे माझ्या तक्त्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात होते. पुडी पेल्यात घातली तर द्रावण दाट होते आणि जुलाब वाढू शकतात. पुढच्या कार्यक्रमाला आम्ही तक्ता नेलाच नाही. लिटरचे माप, घरातले पातेले आणि पुडी घेऊन गेलो आणि एका आईच्या हातूनच द्रावण तयार करून घेतले. वर्गातील कोणत्याही गुणांपेक्षा त्या दिवसाचा मला अधिक अभिमान वाटतो.

राज्य पातळीवरच्या परिषदेत इतर जिल्ह्यांतील विद्यार्थिनींची ओळख झाली. त्यांतील दोघींना मी आजही कामातील अडचणी विचारते. परिषदेच्या महिन्यात केस स्टडी रात्री जागून लिहावी लागली, हे खरे आहे. परंतु अभ्यास बुडाला नाही.

केवळ प्रमाणपत्रासाठी नाव देणार असशील तर देऊ नकोस, हेही मी मामेबहिणीला स्पष्ट सांगितले आहे. पहिल्या सभेत इतिवृत्त कोण लिहिणार असे विचारल्यावर सगळ्या खाली पाहू लागतील, तेव्हा तिने ती वही मागून घ्यावी.