परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर

शस्त्र परवान्याचा विषय निघाला की मुंबईतले परवानाधारक पहिलं वाक्य ठरल्यासारखं बोलतात: "गावठी कट्टेवाल्यांना कोण विचारतंय? कायदा सगळा आम्हालाच." तक्रार खोटी नाही. फक्त ज्यांच्या फाइली खरोखर अडकल्या, त्यांच्या फाइली उघडून पाहिल्या तर कायद्याचं कलम क्वचितच आड आलेलं दिसतं. परवान्याच्या पुस्तिकेत एक नंबर, बंदुकीवर दुसरा आणि संगणकात तिसरा, असंच बहुतेक ठिकाणी असतं. म्हणून कायद्याचं थोडक्यात सांगून या नंबरांकडेच येतो.

१४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. आधी एका माणसाला तीन अग्निशस्त्रं ठेवता येत होती, ती दोन झाली. मूळ विधेयकात तर एकच होतं. ओरड झाली, तेव्हा सरकारने दोनवर तडजोड केली. तिसरं शस्त्र वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि ते वर्ष संपल्यावर ९० दिवसांत परवान्यावरून उतरवायचं, असा नियम होता. बदल्यात परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. हा फायदा लोक मोजतच नाहीत. वास्तविक नूतनीकरणाचे हेलपाटे त्यामुळे बरेच कमी झाले.

तिसरं कोणतं सोडायचं, हा प्रश्न घरोघर एकाच पद्धतीने सुटला. रिव्हॉल्व्हर राहिलं, बाराबोअर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक, गेली. ज्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हरं होती त्यांनी विलायती ठेवलं आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं काढलं. खासगी माणसाला परदेशातून शस्त्र आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे विलायती माल देशात आहे तेवढाच, आणि त्याला किंमत आहे. पण वर्षभरात सगळ्यांनाच दुनळी विकायची म्हटल्यावर भाव कोण देणार? शिकार १९७२ पासून बंद, मुंबईच्या फ्लॅटमध्ये अडीच फुटांच्या नळीचा उपयोग शून्य. चांगल्या चांगल्या बंदुका मातीमोल भावाने गेल्या, काही जमा होऊन तशाच पडल्या. मर्यादा घालून कोणता गुन्हा कमी झाला, हे मला आजही कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. नोंदणीचं मात्र तसं नाही. ती हवीच होती.

ही नोंदणी म्हणजे राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेस आणि त्यातून प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा युआयएन, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. एका माणसाला एकच युआयएन. पूर्वी दोन वेगळ्या पुस्तिका असतील तर त्या एकाखाली आणायच्या. युआयएन नसलेला परवाना अवैध धरला जाणार, याची तारीख इतक्या वेळा पुढे ढकलली गेली की लोकांनी ती गांभीर्याने घ्यायचंच सोडलं, आणि नूतनीकरणाला गेल्यावर कळलं की आता खिडकीवरूनच परत पाठवतात.

युआयएन मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. डेटाबेसच्या पोर्टलवरची आपली नोंद स्वतः वाचा, आणि वाचताना शस्त्र समोर ठेवा. जुनी दुनळी उघडली की तिचे तीन भाग होतात: नळ्या, फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) आणि दस्त्यासकट अ‍ॅक्शन (घोडा-चापाची यंत्रणा). बहुतेक जुन्या बंदुकांवर नंबर तिन्ही ठिकाणी कोरलेला असतो. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला जिथे नंबर असतो, तिथेच नळीची दाबचाचणी करणाऱ्या प्रूफ हाउसचे ठसे, बोअरचा आकडा आणि चेंबरची (काडतूस बसतं त्या घराची) लांबी यांची गर्दी असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाने घाईत प्रूफचा आकडाच नंबर म्हणून उतरवला असेल, तर तो चुकीचा नंबर पुस्तिकेतून रजिस्टरमध्ये आणि रजिस्टरमधून संगणकात गेलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे केव्हातरी नळ्या बदललेल्या असतात. मग नळीवर एक नंबर, अ‍ॅक्शनवर दुसरा. तिसरा प्रकार वाचनाचा: १ चा ७, ० चा ६, आणि नंबराआधीचं इंग्रजी अक्षर गाळलेलं.

दुरुस्ती होते, पण विनंतीअर्जावर भागत नाही. खरेदीची मूळ पावती किंवा विक्रेत्याच्या रजिस्टरचा उतारा, पुस्तिकेच्या सगळ्या पानांची प्रत आणि तिन्ही ठिकाणच्या नंबरांचे जवळून काढलेले फोटो जोडायचे. फोटो काढण्याआधी कोरलेल्या खाचेत खडूची भुकटी बोटाने चोळा आणि वरची पुसून टाका. अक्षरं पांढरी उठतात आणि वाद उरत नाही. घासकागद किंवा तारेचा ब्रश तिथे अजिबात लावू नका. खाडाखोड केल्यासारखा दिसणारा नंबर हा चुकीच्या नंबरापेक्षा मोठा गुन्हा आहे.

दुसरी गफलत 'पॉइंट बत्तीस'ची. कानपूरचं रिव्हॉल्व्हर आणि 'अशनी' नावाचं देशी पिस्तूल, दोघांच्याही परवान्यावर .३२ बोअर लिहिलेलं असतं. काडतुसं मात्र वेगळी. रिव्हॉल्व्हरचं लांब, २३ मिलिमीटर केसचं (काडतुसाच्या पितळी नळीचं) आणि बुडाला पूर्ण कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, १७ मिलिमीटरचं. नोंदीत शस्त्राचा प्रकार चुकला असेल, तर विक्रेता संगणकावर पाहून काडतूस नाकारतो, आणि त्याचं बरोबर आहे. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतं, म्हणून चालतं असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. बाराबोअरमध्येही ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांब्या आहेत. जुन्या विलायती दुनळ्या बऱ्याचदा ६५ च्या असतात. त्यात ७० चं काडतूस बसतं, पण बार उडाल्यावर काडतुसाच्या तोंडाची घडी उघडायला जागा राहत नाही आणि नळीतला दाब नको तितका वाढतो. काडतूस खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्याचं असलं तरी डब्यावरची लांबी वाचूनच घ्या.

मुंबईत परवाना देणारा अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. परवाना शाखेचं काम क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयातून चालतं, चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याकडून होते. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळखीचा, जन्मतारखेचा आणि राहत्या जागेचा पुरावा, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मानसिक आणि शारीरिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात कुठे, कसं ठेवणार याचं हमीपत्र. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान ६० दिवस आधी टाका. इथे मुंबईकराची खास अडचण म्हणजे पुनर्विकास. इमारत पाडली, कुटुंब तीन-चार वर्षं भाड्याच्या जागेत, पुस्तिकेवर पत्ता जुन्याच चाळीचा. चौकशीला आलेल्या हवालदाराला तिथे पत्र्याचं कुंपण दिसतं आणि अहवाल जातो: 'अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नाही.' भाडेकरार नोंदवला की ३० दिवसांत पत्ताबदल कळवा, आणि पोचपावती पुस्तिकेतच ठेवा. भाड्याची जागा ठाणे, नवी मुंबई किंवा मीरा-भाईंदरला असेल तर आयुक्तालयच बदलतं. तेव्हा दोन्हीकडे कळवायचं.

आता निवडणुका. यावर सर्वांत जास्त चिडचिड ऐकू येते. २०२४ मध्ये मुंबईत मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं, म्हणजे एका वर्षात दोनदा शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा. सरसकट सगळ्यांनी जमा करावं असा निवडणूक आयोगाचा नियम नाही. छाननी समितीने एकेक प्रकरण पाहायचं असतं: जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले. रायफल असोसिएशनचे सभासद असलेल्या नेमबाजांना सूट आहे. बँकेचे रक्षक, सतत रोकड नेणारे यांनी नोटीस आल्याबरोबर कारण लिहून, पुरावे जोडून समितीकडे अर्ज द्यावा. ठाणे अंमलदाराशी टेबलावर वाद घालून काही होत नाही. निर्णय त्याच्या हातात नसतोच.

जमा करायची वेळ आली तर बंदुकीला खरा धोका दमट हवेचा. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. त्यानंतर आठवडाभराने शस्त्रं परत मिळायची, म्हणजे नेमका पावसाच्या तोंडावर. दोन-अडीच महिने दुनळी सुतळीने चिठ्ठी बांधून मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. परत येते तेव्हा नळीवर जिथे जिथे कुणाच्या घामट बोटांनी धरलं तिथे तिथे तपकिरी ठिपके. हे गंजाचे ठिपके पोलादात खड्डा पाडतात आणि नंतर कितीही घासलं तरी जात नाहीत. म्हणून नेण्याच्या आदल्या दिवशी नळीत ब्रश फिरवा, सुकं फडकं घाला, मग तेलाचा अगदी पातळ हात. बाहेरूनही तसंच. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबू नका; तो ओल धरतो आणि तोंडापाशीच गंज चढतो. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून जमा करणं ही तर हमखास चूक. चामडं दमट हवेत पाणी ओढतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला चिकटतात. सुती कापडाची सैल पिशवी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं बस. पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, नंबर, काडतुसांची संख्या आणि 'गंजविरहित, चालू स्थितीत' हे शब्द लिहून घ्या. हे शब्द नसतील तर परत घेताना तुमच्या बोलण्याला आधार काहीच नाही. विक्रेत्याकडे जमा करायची मुभा असेल तर चार पैसे भाडं द्या, पण तिथेच ठेवा.

वारसाचं प्रकरण याहून नाजूक. परवानाधारक गेला की त्या क्षणापासून कपाटातलं शस्त्र विनापरवाना होतं. दिवसकार्य उरकल्यावर बघू म्हणून महिनोन् महिने ते तिथेच राहतं, आणि घरच्यांना कल्पनाही नसते की आपल्यावर शस्त्र कायद्याचं कलम लागू शकतं. विनापरवाना बाळगण्याची किमान शिक्षा २०१९ नंतर दोन वर्षं आहे. मृत्यूचा दाखला आणि पुस्तिका घेऊन जवळच्या ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ताबडतोब जमा करा, मग सावकाश ठरवा की वारसाने परवाना मागायचा की विकायचं. वारसाला नवा अर्ज करावाच लागतो आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत शपथपत्रं लागतात. खरं म्हणजे इतकं थांबायचंही कारण नाही. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. ही तरतूद २०१६ च्या नियमांत आहे आणि ती वापरणारे फार थोडे. मात्र वारशाने आलेलं शस्त्रही दोनच्या मोजणीत धरतात.

कोकणातल्या चाकरमान्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. गावच्या घरी माळ्यावर रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूक असते, परवाना पीक संरक्षणाचा, वडिलांच्या नावावर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला. वडील आता मुलाकडे डोंबिवलीत, बंदूक तिकडे कुलपात, आणि गणपतीला गेल्यावर चुलतभाऊ ती बाहेर काढतो. ठासणीची असली तरी कायद्याच्या व्याख्येत ती अग्निशस्त्रच. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशी निकामी, पुरातन वस्तू असेल तर गोष्ट वेगळी. बार निघत असेल तर तो बचाव टिकत नाही. परवानाधारक समोर नसताना दुसऱ्याने ती चालवली की दोघेही अडकतात. आणि हवेत बार काढला, कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी स्वतंत्र कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नेमबाजांची बाजू तुलनेने सुखाची. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने नामांकित नेमबाजांची सवलतीतली शस्त्रं बारापर्यंत नेली आणि पॉइंट बावीसच्या काडतुसांची मर्यादा १,००० वरून ५,००० केली. वरळीच्या रेंजवर जाणाऱ्यांना त्यामुळे दोनच्या मर्यादेची झळ बसली नाही.

राहता राहिलं घरातलं ठेवणं. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, तेव्हा 'असं आपोआप सुटतं का' हा प्रश्न महिनाभर चालला होता. सर्वसाधारण उत्तर असं: ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो, तिथे पडलेल्या घोड्याची सुई थेट काडतुसाच्या टोपीला टेकलेली असते. ते घोड्यावर आपटलं की चापाला हात न लावता बार उडतो. तुमच्या रिव्हॉल्व्हरात अडसर आहे की नाही हे विक्रेत्याकडच्या मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्या. तोवर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, आणि कपाटात ठेवताना तर सहाही घरं. कानपूरचं रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडताना हात अर्धवट थांबवू नका. एका झटक्यात पूर्ण उघडलं की सहाही काडतुसं बाहेर पडतात. अर्ध्यावर थांबलात तर एखादं, काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली परत सरकतं, आणि घाईत बंद केलं की ते आत आहे हे विसरायला होतं. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीत. आणि ती दुसरी किल्ली कुठे आहे, हे बायकोला किंवा मुलाला सांगून ठेवा.