आज एकटीच कोल्हापूरला

काम असं काहीच नव्हतं. अंबाबाईचं दर्शन आणि मिसळ, बास.

पहाटे साडेपाचला स्वारगेट. तिथे पाय ठेवला की फेब्रुवारी २०२५ आठवतोच, उभ्या बसमध्ये त्या मुलीवर झालेला अत्याचार. त्यामुळे "ताई, गाडी तिकडे लागलीय" म्हणणाऱ्या माणसाकडे पाहिलंच नाही, सरळ चौकशी खिडकी गाठली. बिचारा खरंच मदत करत असेल. असेलही.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं. शेजारच्या मावशी कराडला लेकीकडे निघालेल्या. "आधी ह्यांच्याकडं पैसं मागायला लागायचं, आता भाजीच्या पैशातनं जाऊन येते," म्हणाल्या आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मग हळूच, "पण एकटीच का गं? घरी सांगितलंयस न्हवं?"

सांगितलं होतं. लाइव्ह लोकेशनही चालू होतं. साताऱ्याला आईचा मेसेज: "दहा मिनिटं एकाच जागी आहेस. काय झालं?"

चहा पितेय गं आई!

मागच्या महिन्यात दादा चार दिवस गोव्याला होता. त्याचा फोन दोन दिवस बंद होता, तर आई म्हणाली, "मजेत असेल."