फायरफॉक्समधला ल आणि श: आतापर्यंतची नोंदवही

शनिवार रात्र

भांडण दोनच अक्षरांचं आहे. पोटापाण्यासाठी मी मुद्रितं तपासतो. कागदावरचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श डोळ्यांत बसलेला असतो. तोच मजकूर वेबवर उघडला की उजवीकडे दंड टेकवून उभा असलेला हिंदी वळणाचा ल समोर येतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाण केली, तो जीआर माझ्या फायरफॉक्स ब्राउझरपर्यंत काही पोचलेला नाही.

युनिकोडला, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, बोल लावायचं कारण नाही. वळण कुठलंही असो, ल म्हणजे ०९३२ आणि श म्हणजे ०९३६. वळण ठरतं फॉन्टमध्ये. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकार भरलेले असतात, आणि मजकूर मराठी आहे असं कळलं की फॉन्ट मराठी आकार पुढे करतो. हे कळवायचं काम पानाचं: एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये लँग, म्हणजे भाषा, म्हणून ‘एमआर’ (मराठीची खूण) लिहायचं, बस. मराठी विकिपीडिया ते लिहितो. मी रोज वाचतो त्या पानांपैकी बरीचशी मात्र स्वतःला इंग्रजी म्हणवतात, बहुधा कुणीतरी आणलेलं तयार टेम्प्लेट तसंच ठेवलंय म्हणून.

आधी सरळ रस्ता. सेटिंग्ज, फॉन्ट्स, अॅडव्हान्स्ड, वरच्या यादीतून देवनागरी. सेरिफला, म्हणजे छापील पुस्तकी वळणाला, टिरो देवनागरी मराठी (टिरो या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट काढलेत, मराठीवाल्यात आपली वळणं मुळातच आहेत), सॅन्सला, म्हणजे साध्या वळणाला, नोटो, आणि किमान आकार १६. विकिपीडिया देखणा झाला. बाकीकडे ढिम्म फरक नाही. पान स्वतःला इंग्रजी म्हणत असेल तर फायरफॉक्स त्याला लॅटिनचे नियम लावतो, त्यामुळे देवनागरीसाठी ठेवलेला किमान आकारही तिथे नुसता बसून राहतो.

रविवार

आज कुऱ्हाड चालवली. अबाउट:कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानात ‘टूलकिट.लेगसीयूजरप्रोफाइलकस्टमायझेशन्स.स्टाइलशीट्स’ हे लांबलचक नाव शोधून ट्रू केलं, म्हणजे फायरफॉक्स आपण लिहिलेली सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल) वाचतो. फायरफॉक्स ६९पासून ते मुळात बंद असतं, आणि हे माहीत नसल्याने मी पूर्वी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मग प्रोफाइलच्या, म्हणजे माझी सेटिंग्ज साठवणाऱ्या, फोल्डरात ‘क्रोम’ नावाचं फोल्डर केलं (गूगलच्या क्रोमशी याचा संबंध नाही), त्यात यूजरकंटेंट.सीएसएस फाइल, आणि फाइलीत एकच ओळ: तारा-चिन्ह, म्हणजे पानावरच्या प्रत्येक घटकाला, टिरो, आणि पानाचं काही चालू नये म्हणून इम्पॉर्टंट.

ल सुधारला, आणि जगातली सगळी चिन्हं मेली. तीन आडव्या रेघांच्या जागी ‘मेनू’, भिंगाच्या जागी ‘सर्च’ असे इंग्रजी शब्द उमटले. हे आयकॉनही फॉन्टच असतात. मुळात तिथे शब्दच लिहिलेला असतो, आयकॉनचा फॉन्ट त्याचं चित्र करतो. मी फॉन्टच काढून घेतला, उरला शब्द. ओळ पुसली.

चहानंतर दुसरी ओळ: फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड, किंमत ‘एमएआर’ (फॉन्टांच्या आत मराठीची खूण ही). ही मंडळींनी जरूर करून पाहावी. फॉन्ट आहे तोच राहतो, त्याला फक्त ‘मराठी समज’ एवढं सांगितलं जातं. आयकॉन जागच्या जागी, ल आणि श आपले. तासभर मी नुसता इकडेतिकडे हिंडून ल बघत होतो.

मग एक हिंदी दैनिक उघडलं. तिथेही पाकळ्या! आपण ज्या गोष्टीवर चिडलो तीच उलटी करून बसलो. कुणाच्याही भाषेवर आपलं वळण लादायचं नाही म्हणून हीसुद्धा ओळ काढली.

मंगळवार

म्हणजे भाषा ओळखायला हवी. व्हायोलंटमंकी हे पानांवर आपल्या स्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेन्शन बसवून छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली: मजकूर मराठी दिसला तर लँग ‘एमआर’ करायचं. पहिली कसोटी ळ. हिंदीत सहसा नसतो, झालं काम, असं वाटलं. पण ळ वैदिक संस्कृतात आहे आणि कोंकणीतही आहे. कोंकणी पान मराठी ठरवलं तर म्हापशाच्या मित्राचा फोन ठरलेला.

आता कसोटी ‘आहे’ आणि ‘है’ यांची. पानाचा पहिला काही हजार अक्षरांचा मजकूर घ्यायचा, दोन्ही मोजायचे, ‘आहे’ स्पष्ट पुढे असेल तरच लँग बदलायचं. ‘आहेत’, ‘आहेस’ आपोआप मोजले जातात. अभंगांची पानं दोन्हीकडे नापास होतात, ती मी हाताने यादीत घालतो.

एका संकेतस्थळावर तरीही काही होईना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की आतल्या बॉडी टॅगवरही वेगळं लँग इंग्रजी लिहिलंय, आणि आतलं बाहेरच्यावर मात करतं. स्क्रिप्टला दोन्ही बदलायला लावलं. जाता जाता फायदा असा की लँग बदलताच शनिवारचा किमान आकारही लागू झाला.

गुरुवार

उरली ती मजकुरासोबत स्वतःचा फॉन्ट (वेबफॉन्ट) पाठवणारी पानं. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे पानाची आतली रचना दाखवणाऱ्या खिडकीत, फॉन्ट्सचा टॅब आहे, तो निवडलेल्या मजकुराला प्रत्यक्षात कुठला फॉन्ट लागलाय ते दाखवतो. सीएसएसमध्ये काय लिहिलंय ते वाचण्यापेक्षा हा टॅब बघावा, निम्मी भांडणं मिटतात. एका पाक्षिकाच्या फॉन्टात मराठी वळणं भरलेलीच नाहीत. मग त्याला मराठी सांगा नाहीतर तमिळ.

इथे यूब्लॉक ओरिजिन कामाला आलं. जाहिराती अडवायला तर आपण सगळेच ते ठेवतो, पण त्याच्या पॅनेलमध्ये त्या-त्या स्थळापुरते बाहेरचे फॉन्ट अडवायचं बटण आहे. दाबलं, की मजकूर माझ्या टिरोवर येतो. मात्र आयकॉन पुन्हा मरतात, म्हणून त्याचा लॉगर, म्हणजे पानाने मागवलेल्या फाइलींची नोंद, उघडून नेमकी मजकुराच्या फॉन्टची फाइल शोधली आणि तेवढीच अडवणारी एक ओळ माझ्या फिल्टरांत टाकली. पाक्षिकही वठणीवर आलं.

जुन्या लोकांना पद्मा आठवत असेल, बिगर-युनिकोड फॉन्टांतली वर्तमानपत्रं वाचता येतील अशी करणारं एक्स्टेन्शन. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळीच एक्स्टेन्शन्स एका फटक्यात गेली. म्हणून स्क्रिप्ट आणि फिल्टर दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली आहे.

शनिवार

पान स्वच्छ, आणि वर टॅबवरच्या शीर्षकात जुनाच ल. टॅबपट्टी पानाचा भाग नाही, तिथे माझ्या स्क्रिप्टचा हात पोचत नाही. फायरफॉक्सच मराठीत करणं हा एक उपाय, पण मला मेनू इंग्रजीतच सापडतात. शेवटी त्याच क्रोम फोल्डरात यूजरक्रोम.सीएसएस (ही फायरफॉक्सच्या स्वतःच्या पट्ट्यांसाठी) केली आणि रविवारी पुसलेली ओव्हरराइडची ओळ तिच्यात टाकली. हिंदी पानांची शीर्षकं आता तिथे पाकळ्या घेऊन येतात. टॅबपट्टी माझी आहे, तिथे एवढं चालवून घेतलंय.