गुडघ्याच्या टाक्यातून पाणी येतंय? नुसतं ड्रेसिंग करत बसू नका

घरात कोणाचा गुडघा बदललेला असेल आणि ऑपरेशनच्या व्रणावर कुठेतरी बारीकसं भोक पडून त्यातून पाणी किंवा पू येत असेल, तर ही पोस्ट पूर्ण वाचा प्लीज. माझ्या मावशीचं हे झालंय, आणि असे अजून किती पेशंट महिनोन्महिने नुसत्या मलमपट्टीवर काढतात ते ओपीडीच्या बाकावर बसून बघितलंय, जीव तुटतो.

मावशी ऑपरेशननंतर छान चालायला लागली होती. मग टाक्याच्या खालच्या टोकाला फोड आला, फुटला, आणि ज्वारीच्या दाण्याएवढं भोक राहिलं ते राहिलंच. पिवळसर चिकट पाणी, परकराला डाग. गंमत म्हणजे मधेच त्यावर खपली धरायची, मावशी खूश, "अगं बंद झालं बघ", आणि दोन दिवसांत गुडघा टम्म, ठणका, अंगात कणकण. परत खपली फुटली, पू वाहून गेला की एकदम हलकं वाटायचं. हे हलकं वाटणंच फसवतं. आत साठलेलं बाहेर पडलं म्हणून दुखणं कमी झालेलं असतं, बरं काही झालेलं नसतं.

जवळच्या दवाखान्यात दर वेळी एक अँटिबायोटिकचा कोर्स आणि बीटाडीनचं ड्रेसिंग. शेवटी शहरातल्या जॉइंटच्या सर्जनकडे नेलं तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की ही कातडीची जखम नाहीये, सांध्याच्या आतून बाहेरपर्यंत वाट तयार झालीये, फिस्टुला. आतल्या धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू चिकट थर करून बसतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, त्याच्या आत औषध नीट पोचत नाही, म्हणून गोळ्या चालू आहेत तोवर कमी आणि बंद केल्या की परत सुरू. इन्फेक्शन ठरवायचे जे 2018 चे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात सांध्यापर्यंत जाणारी अशी वाट दिसली की तेवढ्यावरच इन्फेक्शन पक्कं धरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भोकाच्या तोंडावरचा स्वॅब (कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना) घेऊन कल्चर करण्यात, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्यात, फारसा अर्थ नसतो, कारण तिथे कातडीवरचे वाट्टेल ते जंतू सापडतात. सांध्यातलं पाणी सुईने काढून, आणि ऑपरेशन करताना आतल्या टिश्यूचे चार-पाच वेगवेगळे तुकडे घेऊन कल्चरला पाठवायचे असतात. आणि त्याआधी, पेशंटची तब्येत तेवढी स्थिर असेल तर, डॉक्टरांच्या सांगण्याने साधारण 2 आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, नाहीतर रिपोर्टमध्ये जंतू उगवतच नाही आणि मग कुठलं औषध द्यायचं हा अंदाजपंचे कारभार होतो. म्हणून मेडिकलवरून आपल्या मनाने गोळ्या आणून घेऊ नका, खरंच नका घेऊ. पण थंडी वाजून ताप भरला, पेशंट गळून गेला तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

मावशीला दोन टप्प्यांचं ऑपरेशन सांगितलं. पहिल्यात जुना सांधा काढतात, सगळं खरवडून साफ करतात आणि मधे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा, बसवतात. मग साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, बरेचदा शिरेतून, मधेमधे सीआरपी आणि ईएसआर (सूज-इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) तपासायचं, आणि इन्फेक्शन गेल्याची खात्री वाटली की नवीन सांधा. कातडी फार खराब असेल तर प्लास्टिक सर्जन पोटरीचा स्नायू फिरवून ती जागा झाकतात. ज्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही अशांना दीर्घकाळ गोळ्यांवर ठेवतात, त्याने इन्फेक्शन दाबून ठेवता येतं, जात नाही. हा काळ अवघड असतो हे खरंय, वॉकर, ब्रेस, आणि शुगर असेल तर ती कडक सांभाळायला लागते.

कधीच ऑपरेशन न झालेल्या गुडघ्यातून असं वाहत असेल, दुखणं जुनं असेल, वजन उतरत असेल, तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी करायला हवा. आतला तुकडा काढून सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधायची टेस्ट) आणि बायोप्सी करतात. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण हाडासांध्याच्या टीबीला 6 महिन्यांत भागत नाही, वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात आणि वाहणं थांबलं म्हणून मधेच सोडायची नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्यातून नुसतं स्वच्छ पाणी येतं ते वेगळं, पाय काही दिवस सरळ बांधून ठेवला की बरेचदा थांबतं, पण दाखवायचं तेही.

घरी काय करायचं? भोकावर हळद, लेप, तेल काही लावू नका, दाबून पू काढू नका. हात धुऊन कोरडं गॉज लावायचं, भिजलं की बदलायचं, रोज किती भिजतं आणि रंग कसा आहे याचा फोटो काढून ठेवायचा. आणि पहिल्या ऑपरेशनची फाईल शोधा, त्यात इम्प्लांटची स्टिकरं चिकटवलेली असतात, कुठल्या कंपनीचा कुठला साईज ते त्यावर असतं. सांधा काढायच्या वेळी सर्जन ती आधी मागतात, नसतील तर ज्या हॉस्पिटलला ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड रूममधून आजच अर्ज करून कॉपी काढून घ्या.