पिशवीतली एसटीची तिकिटं

गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडच्या एका आप्पांनी मला अमळनेर कोर्टाच्या आवारात गाठलं. "वकील साहेब, मना कागदे देत नही तो. आते काय करानं?" तो म्हणजे त्यांचा आधीचा वकील. बारा हजार फी बाकी, म्हणून वाटपाच्या दाव्याची फाइलच दाबून बसलेला. फीपोटी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. फी हवी तर वसुलीचा दावा लावावा.

आप्पांना त्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, उद्याच्या उद्या रद्द करून हवी होती. म्हटलं, आधी शपथपत्र. कागद मागायला किती वेळा गेलात? "धा-पंधरा खेपा." तारखा सांगा. तेव्हा त्यांनी पिशवीतून रबर लावलेली एसटीची तिकिटं काढली. निम्म्यांवरची शाई उडालेली. सहा तारखा वाचता आल्या, सहाच लिहिल्या. आप्पा जरा नाराज झाले. पण सनद म्हणजे समोरच्याची भाकर. आणि उद्या माझ्याविरुद्धही कोणी मोघम 'धा-पंधरा' लिहील.

तक्रारीचा अर्ज मुंबईला, वकिलांना सनद देणाऱ्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गेला. कौन्सिलला तथ्य वाटलं तरच तो शिस्तपालन समितीकडे जातो. समितीत तिघे, तिन्ही वकीलच. "म्हणजे चोराच्या घरी चोराची फिर्याद," आप्पा म्हणाले. मी चहा मागवला.

शिक्षेचा अंतिम आदेश देताना तिघेही हजर लागतात. ते बरोबरच आहे. मला खटकतं ते वेगळंच. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे, म्हणजे दिल्लीला जातं. उशिरावरचा इलाज म्हणून! आप्पांना चाळीसगावहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठतानाच धाप लागते. तक्रारदाराची साक्ष जळगावच्या कोर्टातून व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायला काय हरकत आहे? उलटतपासही तिथूनच होऊ द्या.

समितीची नोटीस गेली आणि पंधरवड्यात फाइल आप्पांच्या हाती आली. आता तक्रार मागे घेऊ म्हणाले, कपाशी वेचणीला आलीय. मी सांगितलं, तक्रारदार हटला एवढ्यावरून समिती चौकशी सोडत नाही, तसा नियमच आहे.

आप्पा पायरीवर टेकले. मग पुढच्या तारखेच्या नोटिशीची घडी घालून त्यांनी ती तिकिटांच्याच रबरात खोचली.