कसारा घाटातली खटखट

मुंबईहून नाशिककडे येताना कसारा घाटात भरलेली पेट्रोल गाडी चौथ्या गिअरमध्ये रेटली की कधी कधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा भाग, समजून फसू नका. टॅपेट न्यूट्रलमध्येही वाजतो, नॉकिंग इंजिनावर लोड, म्हणजे ताण, असतानाच.

ठिणगीनंतर ज्वाला पसरताना कडेचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्वाला पोचायच्या आत आपोआप पेटतं. नॉक कधी होईल याच्या अंदाजासाठी १९५५ ची लिव्हनगुड-वू पद्धत मला आजही सर्वांत आवडते: क्षणाक्षणाच्या दाब-तापमानाला पेटायला किती विलंब लागेल ते काढायचं, प्रत्येक क्षणाचा कालावधी त्या विलंबाने भागून बेरीज करत जायचं. बेरीज १ झाली, की नॉक. कमी आरपीएमवर मिश्रणाला वेळ जास्त मिळतो, म्हणून घाटात आधी गिअर उतरवा.

७२ मिमी बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) नॉकिंगची कंपनं साधारण ७ ते ८ किलोहर्ट्झची असतात. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ती पकडतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. सेन्सरचा बोल्ट बहुधा २० न्यूटन-मीटरला आवळतात, खाली वॉशर न घालता. ब्लॉकवरची बसायची जागा आधी घासून स्वच्छ करा. तरीही खटखट राहिली तर पिस्टनवरचा कार्बन आणि स्पार्क प्लगची हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते) तपासा.