तुम्ही विचारलंत म्हणून: एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाताना

"ताई, बॅगेत काय काय न्यायचं?" हा प्रश्न मला ज्युनिअर्सकडून येतो आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आयांकडून येतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मी पुण्यातून, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात, एका सेमिस्टरसाठी जर्मनीला एक्स्चेंजवर गेले होते. बॅगेचं सांगतेच, पण त्याआधी एक महत्त्वाचं. पूर्ण डिग्रीला जाणाऱ्याची तयारी वेगळी आणि आपली वेगळी, कारण आपल्याला परत येऊन इथेच पास व्हायचं असतं, त्यामुळे निम्मी तयारी ही आपल्याच कॉलेजमध्ये करायची असते.

कॅलेंडर बघा आधी. तिकडचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च, लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि परीक्षा बऱ्याचदा त्याच्याही नंतर, आणि आपलं पुढचं सेमिस्टर तर जानेवारीतच चालू झालेलं असतं, म्हणजे तुम्ही तिकडे पेपरचा अभ्यास करताय तेव्हा इकडे अटेंडन्स लागतेय आणि पहिली इंटर्नलही होऊन जाते. समर सेमिस्टर घेतलंत तर ते एप्रिलमध्ये सुरू, नेमकं आपल्या एंड-सेमच्या तोंडावर. दोन्हीकडून कात्री आहेच. म्हणून एचओडींना भेटा, अटेंडन्सचं काय करणार, इंटर्नल परत घेणार का, ते विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. "होऊन जाईल गं" एवढ्यावर विमानात बसू नका. तुम्ही परत याल तोवर त्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी असू शकतं.

क्रेडिट्सचंही तसंच. तिकडे सेमिस्टरला 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट्स, धरतात आणि 1 क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तास, त्यात घरी केलेला अभ्यासही आला. आपल्याकडे थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे साधारण वर्गातले 15 तास. त्यामुळे नुसते आकडे जुळवून चालत नाही, तिकडच्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस काढून तो इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार हे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्या लागतात. दोन-तीन विषय जास्तीचे मंजूर करून ठेवा, कारण तिथे गेल्यावर कळतं की एक विषय फक्त जर्मनमधून आहे आणि दुसऱ्याची वेळ तिसऱ्यावर येतेय. हे काम अगदी कंटाळवाणं आहे पण यात आळस केला तर अख्खं सेमिस्टर फुकट जाऊ शकतं, आणि हुशार मुलांचं असं झालं की मला मनापासून वाईट वाटतं.

पैशांचं थोडक्यात. एक्स्चेंजमध्ये तिकडची ट्यूशन फी बहुतेक वेळा माफ असते, इथली भरायचीच. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणून नॅशनल व्हिसा लागतो आणि स्कॉलरशिप नसेल तर त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट, सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरोच्या हिशोबाने. सहा महिन्यांचे पाच-सहा लाख रुपये होतात. आकडा ऐकून घरी धस्स होतं, पण ते पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर दर महिन्याला थोडे थोडे हातात येतात. हे आई-बाबांना नीट समजावून सांगा.

खोलीसाठी स्टुडिरेंडेनवेर्कच्या (तिकडची विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) हॉस्टेलला अ‍ॅडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका. खाजगी खोली घेणार असाल तर घरमालक राहण्याचा दाखला सही करून देणार का ते आधी विचारा, कारण राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला हा कागद लागतो. जो देत नाही त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सरकारी ऑफिसातून येणारी पत्रं जर्मनमध्येच असतात, तेव्हा लेक्चर्स इंग्लिशमध्ये असली तरी जायच्या आधी पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्सम्युलर भवनला ए1, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, करून घ्या.

आणि इथलं सिम चालू ठेवा! बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म असेल तर त्याचाही, सगळं त्याच नंबरवर येतं. जायच्या आधी रोमिंग चालू करून एसएमएस येतात ना ते बघा.

आता बॅग. साजूक तूप, पेढे, बर्फी नाही, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, ताजा कढीपत्ताही नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर खुशाल न्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन अ‍ॅडॅप्टर घ्या. जाड जॅकेट तिथे जाऊन घेतलेलं बरं.

घरच्यांशी फोनची वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो साडेचार तासांचा होतो. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी फोन तासभर उशिरा आला की ती काळजी करत बसते.